आईच्या वाट्याचा मार

आमच्या घरी घोडा नव्हता, पण कोरडा होता. कोरडा म्हणजे चाबूक. आजोबांनी धार संस्थानच्या पागेसाठी आपल्या हातानं विणलेला, आठपदरी, मुठीवर लाल कातडं मढवलेला. संस्थान गेलं, पागा गेली, घोडे कुणी कुठं नेले देव जाणे, आणि हा एकटा देवघराशेजारच्या खुंटीवर लोंबकळत राहिला. आम्ही जीनगर, म्हणजे घोड्यांची जिनं शिवणारे. मराठे सरदारांच्या मागोमाग कधीतरी माळव्यात आलो ते इथलेच झालो. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या काळात जिनाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. ते ओसरीवर बसून सायकलच्या गाद्या, रिक्षांच्या सीटा आणि उरल्यासुरल्या टांगेवाल्यांचे लगाम शिवत. आरी कातड्यात शिरल्याचा 'टच' असा आवाज, मग मेण लावलेला दोरा ओढल्याचा लांब सुर्रर्र. दिवसभर हेच. तो आवाज चालू असला की घर सुखात. मध्येच थांबला की आई चुलीपुढे होती तशीच थांबायची, पोळी तव्यावर, उलथनं हातात, कान ओसरीकडे. पोळी करपायची. मग त्या करपलेल्या पोळीपायी कोरडा खुंटीवरून उतरायचा. बाहेरून बघणारे म्हणायचे, अण्णा म्हणजे काय कष्टाळू माणूस!

अण्णा पीत नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना तेवढंच कारण पटतं. सुपारीसुद्धा खात नसत. सकाळी आंघोळ, देवपूजा, कपाळाला गंध, आणि तोंडात शिवी नाही. मारायचे तेही रीतसर. आधी पुढच्या दाराला अडसर लावायचा, चांगला मनगटाएवढा शिसवी दांडा होता तो. मग आईला म्हणायचं, "बैस." आई भिंतीकडे तोंड करून बसायची, पदराचा बोळा तोंडात धरून, कारण ओरडलं की जास्त पडे. कोरड्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. हवेत एक शीळ, आणि मग ओल्या कापडासारखा फटका. झाल्यावर अण्णा त्याला तेलाचं बोट लावून खुंटीवर ठेवत, अडसर काढत, आणि म्हणत, "वाढ." आणि आई वाढायची. वाकता येत नसे तर उभ्यानं वाढायची. माझ्याही पोटरीवर दोन वळ आहेत, साठी उलटली तरी गेले नाहीत. समोर रामरतन भियाचं चहाचं दुकान होतं. आमचा अडसर लागला की तो रेडिओ मोठा करी. मी एकदा त्याला विचारलंही होतं, असं का म्हणून. तर म्हणाला, "बेटा, घर को मामलो हे, अपन कई बोलां." घरचा मामला, आपण काय बोलणार! मला त्याचा अण्णांहून जास्त संताप यायचा.

वर्षातून एक दिवस मात्र आमच्या घरात कोणी मार खात नसे. तो दिवस खंडेनवमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अण्णा सगळी हत्यारं घासून-पुसून पाटावर मांडत. आरी, कातडं कापायची रापी, हातोडी, दाभण, आणि मधोमध मानानं कोरडा. झेंडूची माळ, हळद, कुंकू, नैवेद्य. आणि नियम असा, की एकदा फूल वाहिलं की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. अण्णा नियमाचे पक्के होते. त्या दिवशी आई वेगळीच दिसायची. मोठ्यानं बोलायची, पुरण वाटताना ओव्या गुणगुणायची, कटाच्या आमटीत दालचिनी जरा जास्तच घालायची. कोरड्याला कुंकू लावायचं काम माझं. घरातली कुमारिका लावते म्हणे. ज्यानं आदल्या आठवड्यात आईची पाठ फोडली त्याला मी अंगठ्यानं कुंकू लावत असे आणि नमस्कार करत असे. आणि तेव्हा मला तो सण फार आवडायचा. मला खरंच वाटायचं की त्या दिवशी देव आमच्या घरी उतरतो.

हे सगळं आता लिहायला बसले त्याला कारण माझी नात. देवासला हिंदी शाळेत शिकली, मराठी वाचते ती अडखळत अडखळत. परवा माझ्या ट्रंकेतलं एक जुनं पत्र काढून बसली आणि म्हणाली, "आजी, ये 'तारण' मतलब क्या? बँकेत ठेवतात ते?" मी म्हटलं, नाही गं, सुटका. तर विचारते, "कशातून?" घ्या! पोरीनं एका शब्दात तोच प्रश्न काढला जो माझी आई धारच्या घरात एस्तेरबाईंना दर गुरुवारी विचारायची. मी ख्रिस्ती नाही, हे आत्ताच सांगून टाकते. माझ्या घरात गणपती बसतो, नवरात्रात मी देवासच्या टेकडीवर देवीला जात होते, गुडघे दुखायला लागेपर्यंत. पण तो प्रश्न माझ्यामागे लागलेला आहे खरा.

एस्तेरबाई दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. आईचं पाच महिन्यांचं पोटातच गेलं तेव्हा आम्ही तिला तिथं नेलं. आई म्हणाली, पायरीवरून पडले. एस्तेरबाईंनी पाठ उघडी करून पाहिली आणि मराठीत म्हणाल्या, "पायरीला वळ विणायला कुणी शिकवलं, बाई?" धारेत दवाखान्यात आपली भाषा ऐकली म्हणून म्हणा, की कुणीतरी पाठ बघितली म्हणून म्हणा, आई जी रडायला लागली ती थांबेचना. पुढं एस्तेरबाई घरी येऊ लागल्या. अण्णा दर गुरुवारी चामडं आणायला इंदूरला जात, तेव्हा दुपारच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पांढरी स्वच्छ साडी, आणि चप्पल दाराशी काढून ती नीट जोडीनं भिंतीला लावून ठेवायची सवय. आईच्या पाठीला मलम लावायच्या, चहा प्यायच्या, आणि मग दोघींचा वाद सुरू व्हायचा. वादच म्हणते, कारण आई ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. अण्णांपुढे मुकी असलेली माझी आई एस्तेरबाईंपुढे नुसती वकील व्हायची.

"मेल्यावर तुमचा देव तारील, ते ठीक आहे," आई म्हणायची, "पण आज संध्याकाळचं काय?"

एस्तेरबाई म्हणायच्या, "तारण हे काही मेल्यावरचं तिकीट नव्हे, यमुनाबाई. माणूस ज्याच्यात अडकलाय त्यातनं त्याला बाहेर काढायचं. मारणारा मारण्यात अडकलाय, खाणारा खाण्यात."

"मग मी काय कमी धडपडते? मीठ बेताचं घालते, पोळी करपू देत नाही, वर मान करत नाही."

"तेच सांगतेय. चांगलं वागून मार थांबतो का? नाही थांबत. तसंच चांगलं वागून तारणही मिळत नाही. ते फुकट मिळतं. आपली लायकी बघून नव्हे."

मग आईचा खरा प्रश्न यायचा, तो मला शब्दन् शब्द आठवतो. "तुमच्या देवाला एवढा एकुलता एक मुलगा, त्याला खाली मार खायला कशाला धाडलं? जगाच्या वाट्याचा मार त्यानं खाल्ला म्हणता. अहो, मारणाऱ्याचा हात धरायचा ना! देव ना तो? त्याला काय अवघड होतं?"

एकदा त्यावर एस्तेरबाई हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही आमच्या पाळकांनाही निरुत्तर कराल." मग हसू ओसरलं आणि म्हणाल्या, "मला सगळं कळतं असं नाही. मला एवढंच कळतं, की तो वर बसून बघत राहिला नाही. जिथं मार पडत होता तिथं येऊन मध्ये पडला. आणि मध्ये पडणाऱ्याला लागतं, बाई. लागल्याशिवाय राहत नाही." आईला हे पटलं नाही. "मध्ये पडून काय झालं? मार तर चालूच आहे," असं म्हणून तिनं कपबशा उचलल्या.

आता माझी चूक सांगते. आमच्यासारख्या घरातली पोरगीच असली चूक करू शकते. नवरात्रात एकदा रामरतन भियानं मला थांबवलं. "शकू, वा नर्सबाई हर गुरुवारे कई करवा आवे? अण्णा के मालम हे के नी? दसेरो हुई जाय, फिर म्हूं ज पूछूंगो." म्हणजे दसरा झाला की तो स्वतःच अण्णांना विचारणार होता. इतकी वर्षं मार ऐकून याचं तोंड उघडलं नाही, आणि आता एका बाईच्या येण्याजाण्यावर उघडणार होतं! अण्णांना बाहेरून कळलं तर आईचं काय होईल ते मला दिसत होतं. कुणी तरी सांगणारच, तर मग मीच का नाही सांगायचं? आणि सांगायचंच तर खंडेनवमीला. त्या दिवशी कोरड्यावर फूल असतं. अण्णांना राग आला तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत तो निवेल, असं माझं चौदा वर्षांचं डोकं. एवढ्यावर थांबले असते तर! मी दवाखान्यात जाऊन एस्तेरबाईंनाही नवमीच्या दुपारी पुरणपोळीचं जेवायला बोलावून आले. आईला यातलं काही माहीत नव्हतं. सणाच्या दिवशी दारात आलेल्या बाईला अण्णा कसे घालवतील? दोन घास खातील, बोलतील, त्यांना कळेल बाई किती चांगली आहे. माझ्या मनात सगळं चित्र तयार होतं. मूर्ख होते हो मी. पण वाईट नव्हते, एवढं तरी मला कुणी तरी म्हणावं असं अजून वाटतं.

नवमीला पूजा झाली, मी कोरड्याला कुंकू लावलं. पुरणाचा, वेलदोड्याचा वास घरभर सुटलेला. अण्णा जेवून पाटाजवळ सुपाऱ्या-पानं नीट लावत बसले होते, मूडमध्ये होते. मी जवळ जाऊन सांगितलं. एस्तेरबाई येतात, मलम लावतात, देवाचं बोलतात, आई ऐकते, आणि आज त्या आपल्याकडे जेवायला येणार आहेत. अण्णांची नजर कोरड्याकडे गेली, हात अर्धा पुढं झाला आणि फुलांपाशी थांबला. थांबला! मी आनंदानं उडालेच. मला वाटलं, जमलं. मग अण्णा शांतपणे म्हणाले, "आज हत्याराला हात लावायचा नाही. ठाऊक आहे मला." उठले, दाराशी गेले, आणि अडसर उचलला. पण दाराला लावला नाही. तो हातात घेऊनच ते स्वयंपाकघराकडे वळले.

आईला "बैस" म्हणायलाही ते थांबले नाहीत. ती तव्यावरची पोळी उलटत होती. पहिला तडाखा खांद्यावर बसला, तशी ती परातीवर कोसळली, पुरण सगळीकडे उडालं. कोरडा कातडी फोडतो, पण दांडा आत पोचतो. त्याचा आवाजसुद्धा वेगळा, बोथट, धान्याचं पोतं जमिनीवर टाकावं तसा. दुसरा पाठीवर. तिसरा मांडीवर. "बाटायला निघालीस? माझ्या घरात बाटायला निघालीस?" ते दर तडाख्याला विचारत होते आणि उत्तराला थांबत नव्हते. आईच्या तोंडात पदर नव्हता, ती ओरडली, आणि बाहेर रामरतनचा रेडिओ मोठा झाला. मी अण्णांच्या पायाला मिठी मारली. त्यांनी मला झटकलं ती मी पाण्याच्या हंड्यावर आदळले, कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं. त्या रक्तातून मला दारात एस्तेरबाई दिसल्या. हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. एका क्षणात त्यांनी सगळं ओळखलं. आणि विश्वास ठेवा अगर ठेवू नका, त्यांनी चपला काढल्या. जोडीनं भिंतीला लावल्या नाहीत एवढंच. मग आत आल्या आणि आईवर आडव्या झाल्या, आपण लेकराला पांघरूण घालतो तशा.

अण्णा म्हणाले, "बाजूला व्हा." त्या म्हणाल्या, "नाही." एवढंच. अण्णांनी दांडा उचललेलाच होता, तो त्यांनी खाली आणला. एस्तेरबाईंनी डोकं वाचवायला हात वर केला होता, त्या हातावर. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मला वाटलं आता थांबतील. पण हात एकदा सुटला की तो आपला राहत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. त्याच हातावर दुसरा बसला. एस्तेरबाईंच्या तोंडातून आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. त्यांचा हात मनगटाच्या वर भलत्याच ठिकाणी वाकला, आणि तो नेमका आईच्या तोंडासमोर लोंबत होता. आई त्याच्याकडे बघत राहिली. किती वेळ ते सांगता येत नाही. मग ती त्यांच्या खालून सरकून उठली.

तिचा एक पाय चालत नव्हता. फरपटत ती पाटापाशी गेली आणि तिनं रापी उचलली. फुलं पडली, कुंकू सांडलं. अण्णांच्या हातातला अडसर तसाच राहिला, आणि तोंडावर मी कधी न पाहिलेली भीती आली. बाईचं हाड मोडलं तेव्हा आली नव्हती ती. "यमुने," ते म्हणाले, "आज हत्यार उचलतेस?" आई त्यांच्यासमोर रापी धरून उभी राहिली. म्हणाली, "पुन्हा हात वर करा. करा बघू." त्यांनी केला नाही. दोन पावलं मागे गेले. मग तिनं कोरडा ओढून घेतला, उंबऱ्यावर धरला, आणि कापायला लागली. आठपदरी वेण, एका घावात तुटते होय? दात खाऊन ती कापत होती, पदर सुटलेला, केस सुटलेले, पाठीतून रक्त, आणि एकेक तुकडा अंगणात फेकत होती. अण्णा खाली बसले आणि म्हणत राहिले, "वाटोळं झालं, घराचं वाटोळं झालं." कुणी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

जमिनीवरून एस्तेरबाई मला म्हणाल्या, "शकू, हाड दोन जागी गेलंय. लाटणं आण आणि बांधायला काही तरी लांब आण." पलंगावर आईची बाग गावची छापील चादर होती, लाल-काळी. आईनं ती फाडली, त्याच रापीनं. आम्ही तिघी रस्त्यावर आलो तेव्हा मी रामरतन भियाच्या दुकानात शिरले, त्याचा रेडिओ उचलून नाल्यात फेकला आणि ओरडले, "रिक्षा आण!" त्यानं निमूटपणे आणली. दवाखान्यात हवालदार आला. एस्तेरबाईंनी सगळं खरं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही. पण सही करेनात. म्हणाल्या, "मी त्यांना माफ केलंय." मी तिथंच किंचाळले, माफ? कुणाच्या परवानगीनं? हवालदारही वैतागला. "बाई, रिपोट लिखानी है या नी लिखानी?" त्या म्हणाल्या, "लिहून ठेवा. ही बाई आणि पोर देवासला तिच्या भावाकडे पोचेपर्यंत हिच्या यजमानांना चौकीत बसवा. पुन्हा हिच्यामागे गेले तर मी सही करीन. आणि मी डाव्या हातानं लिहिते, तो शाबूत आहे." असली माफी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी, भर दसऱ्याला, आम्ही देवासच्या बसमध्ये बसलो. बसच्या बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली चिरडलेली लिंबं. आईला पाठ टेकता येत नव्हती, ती समोरच्या दांडीला धरून वाकून बसली होती. माझ्यानं राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की मीच सांगितलं अण्णांना, मीच बोलावलं बाईंना, नवमी आहे म्हणून. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि फाडकन् माझ्या थोबाडीत मारली. सगळी बस वळून बघायला लागली. जन्मात पहिल्यांदा तिनं मला मारलं. आणि मग ती स्वतःच्या हाताकडे असं काही बघत राहिली, की मला गाल चोळायचं सुचेना. "म्हणजे हे माझ्यातही आहे," ती हळूच म्हणाली. मग तिनं मला जवळ ओढलं आणि आम्ही दोघी इतक्या रडलो, की कंडक्टरनं तिकिटं मागितली नाहीत.

इंदूर मागं पडल्यावर ती बोलली. "शकू, अठरा वर्षं माझ्या पाठीवर मार पडला, पण मला माझी पाठ कधी दिसली नाही गं. वाटायचं, असेल, माझंच काही चुकत असेल, बायकांच्या वाट्याला येतंच. काल तोच मार तिच्या हातावर पडला, आणि मला पहिल्यांदा दिसलं, की हे काय आहे. तिचं काही चुकलं नव्हतं ना? मग माझंही नव्हतं." थोडा वेळ बाहेर बघून म्हणाली, "तो त्यांचा देव मारणाऱ्याचा हात का धरत नाही ते मला अजून कळलं नाही. पण मध्ये का पडला ते कळलं." आई पुढं देवासला बालवाडीत कामाला लागली, मरेपर्यंत देवघरात दिवा लावत होती, बाप्तिस्मा तिनं घेतला नाही आणि एस्तेरबाईंनी तो कधी मागितला नाही. पण कुणी 'तारण' म्हटलं की ती मान हलवायची, हो, मला माहीत आहे ते, अशी.

माझी गोष्ट इतकी सरळ नाही. अण्णा धारेलाच राहिले, एकटे. साखरेच्या आजारानं त्यांचा पाय सडला, तेव्हा ड्रेसिंग कोण करत होतं म्हणता? एस्तेरबाई. वाकड्या जुळलेल्या हातानं. मला कळलं तेव्हा मी मुद्दाम धारेला गेले, भांडायला. म्हटलं, तो हात बघून तुम्हाला राग येत नाही? म्हणाल्या, "येतो की. दर थंडीत येतो, ठणका लागला की." मग माफ कसं केलंत? "दर थंडीत करते," त्या म्हणाल्या. मी विचारलं, मग त्यांचंही तारण होणार, त्या माणसाचं? त्यांनी बोळा डेटॉलात बुडवला आणि म्हणाल्या, "मला काय विचारतेस, मी नर्स आहे." त्यांच्या हाताला एक कातडी पट्टा होता, मनगटापासून कोपरापर्यंत, आतून मऊ अस्तराचा, बाहेरून जिनाची दुहेरी शिवण. ती शिवण मी आंधळी झाले तरी ओळखीन. अण्णांनी शिवून त्यांच्यापुढे ठेवला होता. माफीबिफी काही मागितली नाही, तसे ते शेवटपर्यंत ताठच. मी अण्णांना न भेटता परत आले. ते गेले तेव्हाही गेले नाही.

एस्तेरबाई गेल्यावर एक पुडकं माझ्या नावानं देवासला आलं. आत तो पट्टा, घासून काळा पडलेला, आणि नातीनं वाचलं ते पत्र. 'यमुनाबाईंचं तारण मी डोळ्यांनी पाहिलं, तुझं तुझ्याकडे सोपवते,' एवढंच लिहिलेलं. मला आधी राग आला. मग पट्टा ट्रंकेत टाकला. दर खंडेनवमीला मी पाट मांडते. आईनं धारेहून आणलेली रापी ठेवते, ती वर्षभर माझ्या हाताशीच असते, त्या दिवशी मात्र उचलत नाही. तिच्या शेजारी तो पट्टा ठेवते. तेही एक हत्यारच, नाही का. रापीला कुंकू लावते, आणि पट्ट्यापाशी बोट नेलं की दोन वळ आठवतात, आईची पाठ आठवते, आणि बोट मागे येतं. इतकी वर्षं असंच चाललं. यंदा नात शेजारी बसली होती, "आजी, इसको भी लगाओ ना," म्हणाली. मी बोट नेलं आणि टेकवलं. कुंकू लागलं की नाही ते पाहिलं नाही, चष्मा आत राहिला होता, आणि मी तो आणायला उठले नाही.